खुनाच्या दोषसिद्धीविरुद्ध उच्च न्यायालयात अपील: निकालाच्या दिवसापासून अंतिम सुनावणीपर्यंतची कामे, त्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सत्र न्यायालयाने खुनाच्या आरोपाखाली जन्मठेप सुनावली की घरच्यांची धावपळ बहुतेक वेळा जामिनासाठी सुरू होते. त्या धावपळीत निकालाची प्रत, मुदत आणि खटल्याची कागदपत्रे मागे पडतात, आणि पुढे अपील सुनावणीला येते तेव्हा नेमक्या याच उणिवा आडव्या येतात. दुसरा गैरसमज याहून जास्त नुकसान करतो. उच्च न्यायालयात खटला नव्याने चालेल, साक्षीदार पुन्हा बोलावले जातील आणि ‘खरे काय घडले’ ते तिथे सांगता येईल, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात खंडपीठ सत्र न्यायालयातलाच पुरावा पुन्हा तपासते, त्यामुळे अपिलाचे भवितव्य बव्हंशी त्या जुन्या पानांवर आणि ती किती काळजीपूर्वक वाचली गेली यावर ठरते.

हा लेख महाराष्ट्रातील प्रकरणे डोळ्यांसमोर ठेवून, आरोपीचे नातेवाईक आणि अशा अपिलात नव्याने काम करणारे वकील या दोघांसाठी लिहिला आहे. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या खुनाच्या प्रकरणात दोषसिद्धी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली असेल, तर त्या तारखेपासून पुढे घडलेल्या प्रकरणात ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली असेल. अपिलाची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७४ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ मध्ये आहे. हे अपील हक्काचे आहे आणि ते दाखल करण्यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी लागत नाही.

### टप्पा १: निकालाच्या दिवशीच करायची कामे

तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची प्रत तत्काळ आणि विनामूल्य देणे न्यायालयावर बंधनकारक आहे. जुन्या संहितेत ही तरतूद कलम ३६३ मध्ये होती, नव्या संहितेत ती कलम ४०४ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील मिळणे हा न्याय्य कार्यपद्धतीचा भाग असल्याचे स्पष्ट केले. ही प्रत आरोपीच्या हातात पडते आणि त्याच्याबरोबर कारागृहात जाते, त्यामुळे वकिलाकडे बरेच दिवस काहीच नसते. म्हणून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, वकिलामार्फत प्रमाणित प्रतीसाठी नक्कल अर्ज स्वतंत्रपणे द्यावा.

प्रत मिळाली की आधी शेवटचा आदेश वाचावा. कोणत्या कलमाखाली कोणती शिक्षा झाली, दंड न भरल्यास आणखी किती कैद आहे, सर्व शिक्षा एकत्र भोगायच्या आहेत की एकामागून एक, आणि पुरावा नष्ट करण्यासारख्या जोडीच्या आरोपांत दोषसिद्धी आहे की निर्दोषत्व, हे सर्व टिपून ठेवावे. सत्र खटला क्रमांक, सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा संगणकीय ओळख क्रमांक), अटकेची तारीख, खटल्यादरम्यान जामिनावर असल्यास त्या तारखा आणि गुन्हा नोंद क्रमांक एका कागदावर लिहून त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात. पुढच्या प्रत्येक अर्जात यांतली काही ना काही माहिती लागतेच.

खबरदारी: सत्र न्यायालयातच शिक्षेला स्थगिती मागून वेळ दवडू नये. दोषसिद्धीनंतर अपील करता यावे म्हणून जामीन देण्याचा खालच्या न्यायालयाचा अधिकार साधारणपणे तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेपुरता आणि जामीनपात्र गुन्ह्यांपुरता आहे. जन्मठेपेत त्याचा उपयोग होत नाही.

### टप्पा २: मुदत मोजणे

मुदत अधिनियम १९६३ च्या अनुच्छेद ११५ नुसार सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ६० दिवस आहे, आणि मृत्युदंडाच्या शिक्षेविरुद्ध ती ३० दिवस आहे. कलम १२ नुसार निकालाचा दिवस मोजला जात नाही आणि प्रत मिळवण्यासाठी लागलेला आवश्यक काळ वजा होतो. घोटाळा होतो तो ‘आवश्यक काळ’ या शब्दांवरून. नक्कल अर्ज दिल्यापासून प्रत तयार होईपर्यंतचाच काळ वजा होतो. प्रत तयार असताना ती घ्यायला उशीर केला तर तो उशीर आपल्या खात्यावर पडतो, आणि अर्जच उशिरा दिला तर अर्जापूर्वी वाया गेलेले दिवसही वजा होत नाहीत.

समजा, निकाल १० जूनला लागला. मोजणी ११ जूनपासून सुरू होईल आणि साठावा दिवस ९ ऑगस्ट असेल. नक्कल अर्ज ११ जूनला दिला आणि प्रत २० जूनला तयार झाली, तर दहा दिवस वाढून अखेरची तारीख १९ ऑगस्ट होईल. ती प्रत ५ जुलैला उचलली म्हणून आणखी पंधरा दिवस मिळणार नाहीत. असे असले तरी घरच्यांनी आणि वकिलांनी भिंतीवर लिहून ठेवायची तारीख ९ ऑगस्टच असावी, कारण वाढीव दिवसांवर भिस्त ठेवून काम केले की शिक्का नीट न उमटलेल्या एका प्रतीमुळेही वाद उभा राहतो. अखेरच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दाखल केलेले अपील मुदतीत धरले जाते.

मुदत टळली म्हणून हक्क संपला असे मानू नये. कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो, आणि कारागृहातून जन्मठेपेविरुद्ध येणाऱ्या अपिलात न्यायालये या प्रश्नाकडे सहसा उदारपणे पाहतात. मात्र अर्जात तारखांसह कारण द्यावे लागते. ‘गरिबीमुळे उशीर झाला’ या एका वाक्यापेक्षा प्रत कधी मिळाली, विधी सेवेकडे अर्ज कधी गेला, वकील कधी नेमला गेला आणि कागदपत्रे कधी आली हा क्रम मांडला तर अर्ज भक्कम होतो.

तपासणी: प्रमाणित प्रतीच्या शेवटच्या पानावर अर्जाची, प्रत तयार झाल्याची आणि ती दिल्याची, अशा तिन्ही तारखा स्पष्ट दिसतात का ते नक्कल विभागाची खिडकी सोडण्यापूर्वीच पाहावे.

### टप्पा ३: कोणते खंडपीठ आणि कोण वकील

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोणत्या ठिकाणी अपील जाईल हे खटला कोणत्या जिल्ह्यात चालला यावर ठरते. विदर्भातील जिल्ह्यांसाठी नागपूर खंडपीठ आहे. मराठवाड्यासह जळगाव, धुळे, नंदुरबार आणि अहिल्यानगर यांच्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले आहे, त्यामुळे जुन्या सवयीने या जिल्ह्यांची कागदपत्रे मुंबईला पाठवू नयेत. गोव्यातील खटल्यांची अपिले पर्वरी येथे जातात. जन्मठेपेविरुद्धचे अपील दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे चालते.

खासगी वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत असलेली व्यक्ती मोफत वकिलास पात्र आहे आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा थेट उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे करता येतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. विधी सेवेचा वकील म्हणजे दुय्यम वकील ही समजूत मला मान्य नाही. जन्मठेपेच्या अपिलांत अतिशय नेटके काम करणारे वकील या यादीत आहेत आणि त्यांना वेळेवर कागद पुरवणे हे कुटुंबाच्या हातात आहे.

कैद्याला स्वतःही कारागृहातून अपील करता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ नुसार तो आपला अर्ज आणि निकालाची प्रत कारागृह अधिकाऱ्याकडे देतो आणि तो अधिकारी ते उच्च न्यायालयाकडे पाठवतो. हा मार्ग मुदत वाचवण्यासाठी अत्यंत उपयोगी आहे. अर्ज दिल्याची पोच आणि जावक क्रमांक तेवढा मागून घ्यावा.

खबरदारी: कारागृहातून अपील गेले आहे हे माहीत नसताना कुटुंब बाहेरून दुसरे अपील दाखल करते आणि एकाच निकालाविरुद्ध एकाच आरोपीची दोन अपिले उभी राहतात. वकालतनामा घ्यायला कारागृहात जाणाऱ्याने ‘तुम्ही कुठे सही दिली आहे का?’ हे आधी विचारावे. दोन अपिले झालीच असतील तर ती न्यायालयाच्या निदर्शनास आणून देणे हे वकिलाचे पहिले काम आहे.

आरोपी एकाहून अधिक असतील तर सर्वांनी एकच वकील देण्याची घाई करू नये. एकाचा बचाव ‘मी तिथे नव्हतो’ असा आहे आणि दुसऱ्याचा ‘वार पहिल्याने केला’ असा आहे, तर दोघांसाठी एकच वकील न्यायाने युक्तिवाद करू शकत नाही.

### टप्पा ४: अपिलाचा मसुदा आणि दाखल करणे

वकालतनाम्यावर कैद्याची सही कारागृह अधिकाऱ्यासमोर होऊन ती साक्षांकित झालेली असावी. अपिलासोबत निकालाची प्रमाणित प्रत, वकालतनामा आणि गरज असल्यास विलंब माफीचा अर्ज जोडतात, आणि शिक्षा स्थगितीचा अर्ज स्वतंत्र असतो.

आधारमुद्दे लिहिताना साचेबंद वाक्ये टाळावीत. ‘निकाल कायद्याला व वस्तुस्थितीला धरून नाही’ या वाक्याने कोणत्याही न्यायाधीशाचे लक्ष वेधले जात नाही. त्याऐवजी निकालपत्रातील ज्या परिच्छेदांवर दोषसिद्धी उभी आहे ते शोधून प्रत्येकाविरुद्ध एक ठोस आधारमुद्दा लिहावा, आणि त्यात साक्षीदार क्रमांक आणि निशाणी क्रमांक (पुराव्यात आलेल्या कागदाला किंवा वस्तूला दिलेला क्रमांक) द्यावा. खून सिद्ध झाला असे धरले तरी गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरतो, हा पर्यायी मुद्दा प्रकरणात असेल तर तो पहिल्या मसुद्यातच असावा. तो लिहिला म्हणजे गुन्हा कबूल केला असे होत नाही.

दाखल झाल्यावर आधी स्टॅम्प नंबर, म्हणजे तात्पुरता नोंदणी क्रमांक, मिळतो आणि कार्यालयीन हरकती दूर झाल्यानंतर नियमित क्रमांक पडतो. अस्पष्ट पाने, न जुळणारी नावे, मराठी कागदांची भाषांतरे नसणे या हरकती किरकोळ वाटतात, पण त्या मुदतीत दूर न केल्यास अपील नोंदवून घेण्यासच नकार मिळू शकतो.

तपासणी: ‘अपील टाकले आहे’ या तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. स्टॅम्प नंबर मागून घ्यावा, तो न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा आणि हरकती बाकी आहेत का ते दर पंधरवड्याला तपासावे.

### टप्पा ५: शिक्षा स्थगिती आणि जामीन

हा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३० खाली, म्हणजे जुन्या कलम ३८९ खाली होतो. खुनासारख्या गुन्ह्यात सरकारी वकिलांना लेखी म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालय आरोपीला सोडू शकत नाही, त्यामुळे पहिल्याच तारखेला आदेशाची अपेक्षा ठेवू नये.

दोषसिद्धीपूर्वी आरोपी निर्दोष मानला जातो आणि जामिनाचा विचार त्या भूमिकेतून होतो. दोषसिद्धीनंतर ते गृहीतक उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली किशोरी लाल विरुद्ध रूपा या निकालात सांगितले आहे की खटल्यादरम्यान जामिनावर असताना सवलतीचा गैरवापर केला नाही एवढे कारण शिक्षा स्थगितीला पुरेसे नाही. आरोपाचे स्वरूप, गुन्ह्याची पद्धत, गांभीर्य आणि खुनाच्या दोषसिद्धीनंतर सोडणे कितपत योग्य ठरेल याचा विचार करावा लागतो. म्हणून अर्जाचा गाभा निकालातील अशी त्रुटी असावा, जी पुराव्याची फेरछाननी न करताही वरवर पाहता दिसते. एकमेव नेत्रसाक्षीदाराचे नाव फिर्यादीत नाही, आरोपीची भूमिका फक्त हात धरण्याची आहे, किंवा सारा भर एका वस्तूच्या जप्तीवर असून तिच्यावर मानवी रक्तच आढळलेले नाही, ही अशा त्रुटींची उदाहरणे आहेत. प्रकृती, लहान मुले, वृद्ध आईवडील यांचा उल्लेख कागदोपत्री पुराव्यासह करावा, पण अर्जाचा सारा डोलारा त्यावर उभा करू नये.

माझे स्पष्ट मत असे आहे की साक्षींच्या प्रती हातात नसताना केवळ निकालपत्राच्या आधारे हा अर्ज घाईने चालवणे बहुतेक वेळा अंगाशी येते. नामंजुरीच्या आदेशात न्यायालयाने पुराव्याबद्दल प्रथमदर्शनी प्रतिकूल मत नोंदवले की दुसरा अर्ज अवघड होतो. महिनाभर थांबून साक्षींच्या प्रती मिळवाव्यात आणि मगच अर्ज सुनावणीस घ्यावा.

अर्ज नामंजूर झाला तर दार कायमचे बंद होत नाही. काही वर्षे कोठडीत गेली आणि अपील सुनावणीला येण्याची चिन्हे नाहीत, तर त्या आधारे पुन्हा अर्ज करता येतो. काश्मिरा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की वाजवी काळात अपील ऐकता येत नसेल तर आरोपीला आत ठेवणे न्यायाला धरून नाही. अशा अर्जासोबत कारागृहाचा कोठडी दाखला जोडावा. दुसरा मार्ग अपिलाची सुनावणी लवकर घेण्याची विनंती करण्याचा आहे, आणि पुराव्यात खरी ताकद असेल तेथे मी तोच सुचवेन.

खबरदारी: शिक्षेला स्थगिती म्हणजे दोषसिद्धीला स्थगिती नव्हे. आरोपी बाहेर आला तरी कायद्याच्या दृष्टीने तो दोषीच असतो आणि नोकरीवरील परिणाम तसेच राहतात. आदेशातील हजेरीची अट मोडल्यास जामीन रद्द होतो. आदेश झाल्यावर जातमुचलका आणि जामीनदार यांची पूर्तता सत्र न्यायालयात करायची असते. जामीनदाराचा ऐपतीचा दाखला आधीच काढून ठेवला तर सुटका आठवडाभर अडत नाही.

### टप्पा ६: पेपर बुक

अपील दाखल करून घेतल्यावर सत्र न्यायालयाचे मूळ अभिलेख मागवले जातात आणि त्यातून पेपर बुक तयार होते. अंतिम सुनावणीत न्यायाधीश हेच पुस्तक वाचतात, आणि तरीही सर्वांत कमी लक्ष याच टप्प्याकडे दिले जाते.

पेपर बुक हातात आले की दोषारोप, सर्व साक्षी, आरोपीचे कलम ३१३ खालील जबाब, म्हणजे नव्या संहितेतील कलम ३५१ चे जबाब, आणि सिद्ध झालेल्या सर्व निशाण्या त्यात आहेत का ते निशाणी यादीशी एकेक करून ताडून पाहावे. घटनास्थळाचा कच्चा नकाशा, जखमांचे वर्णन असलेले शवविच्छेदन अहवालातील रकाने आणि रासायनिक विश्लेषकांचा अहवाल ही पाने अनेकदा अस्पष्ट असतात. जिल्ह्यातील साक्षी मराठीत नोंदवल्या जातात आणि उच्च न्यायालयात इंग्रजी भाषांतर वाचले जाते. ते भाषांतर मूळ मराठीशी ताडून पाहणे हे वकिलाचेच काम आहे, कारण ग्रामीण बोलीतील उत्तराचा रोख भाषांतरात बदलला तर खंडपीठाला ते समजायला दुसरा मार्ग नसतो. चूक आढळल्यास सुनावणीपूर्वी लेखी निदर्शनास आणावी.

तपासणी: पेपर बुकमध्ये नसलेला पण युक्तिवादात लागणारा प्रत्येक कागद मूळ अभिलेखात आहे का आणि तो पुराव्यात सिद्ध झाला आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. फक्त दोषारोपपत्रात असलेला, पण पुराव्यात न आलेला कागद अपिलात कामाचा नाही.

### टप्पा ७: पुरावा वाचण्याची पद्धत

सुनावणीच्या तयारीत निकालपत्र आधी वाचू नये. ते वाचले की त्यातील कथानक मनात ठसते आणि साक्षी त्याच चौकटीत वाचल्या जातात. फिर्याद, मग साक्षी त्यांच्या क्रमाने, मग वैद्यकीय पुरावा, मग तपास अधिकारी आणि सर्वांत शेवटी निकालपत्र, असा क्रम ठेवावा. प्रत्येक साक्षीदारासाठी एक पान करून त्यावर सरतपासणीतील मुख्य गोष्ट, उलटतपासणीत मिळालेल्या कबुल्या, पोलीस जबाबाशी सिद्ध झालेली विसंगती आणि तो फितूर (सरकार पक्षाविरुद्ध गेलेला) घोषित झाला का हे लिहावे.

येथे एक चूक सर्रास होते. वकील पोलीस जबाब आणि न्यायालयातील साक्ष शेजारी ठेवतात आणि फरकांची लांबलचक यादी अपिलात मांडतात. पोलीस जबाब हा स्वतः पुरावा नसतो. त्यातील विरोधी भाग उलटतपासणीत साक्षीदाराला दाखवला गेला असेल आणि नंतर तपास अधिकाऱ्याकडून सिद्ध झाला असेल, तरच त्याचा उपयोग होतो. जबाबात न आलेली बाब, ज्याला वकील ओमिशन म्हणतात, तिलाही हाच नियम आहे. म्हणून फरक सापडला की पहिला प्रश्न ‘हे साक्षीदाराला विचारले होते का?’ हा असावा आणि दुसरा ‘तपास अधिकाऱ्याने मान्य केले का?’ हा असावा.

यापुढचे वाचन प्रकरण कोणत्या पुराव्यावर उभे आहे यानुसार बदलते.

नेत्रसाक्षीदार असतील तर उजेड, अंतर, घटनास्थळी असण्याचे कारण, फिर्याद देण्यास लागलेला वेळ आणि जबाब किती दिवसांनी नोंदवला हे पाहावे. साक्षीदार मृताचा नातेवाईक आहे एवढ्यावरून त्याची साक्ष टाकून दिली जात नाही. या एकाच मुद्द्यावर तासभर बोलणारा युक्तिवाद निष्फळ ठरतो.

परिस्थितिजन्य पुरावा असेल तर शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९८४ चा निर्णय पायाभूत आहे. पुण्यातील या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच कसोट्या सांगितल्या. दुवे निर्विवादपणे सिद्ध हवेत, ते फक्त आरोपीच्या दोषाशीच सुसंगत हवेत, निर्णायक स्वरूपाचे हवेत, दुसरी प्रत्येक शक्यता त्यांनी वगळली पाहिजे आणि साखळी अखंड हवी. प्रत्येक दुव्याखाली तो कोणी सिद्ध केला आणि त्यात काय उणे आहे ते लिहावे. आरोपीचा बचाव खोटा ठरला म्हणून तुटलेली साखळी जुळत नाही, हेही त्याच निर्णयात आहे. घराच्या चार भिंतींत मृत्यू झाला असेल तर मात्र घरात असलेल्याने स्पष्टीकरण दिले पाहिजे, हा साक्ष्य कायद्यातील जुन्या कलम १०६ चा, म्हणजे आताच्या कलम १०९ चा मुद्दा सरकार पक्ष मांडणारच. आरोपी त्या वेळी घरात होता हे सरकार पक्षाने आधी सिद्ध केले आहे का, हे उत्तराचे पहिले पाऊल आहे.

आरोपीने पोलीस कोठडीत दिलेल्या निवेदनावरून जप्ती असेल तर आरोपीच्या निवेदनातील ज्या भागातून वस्तू सापडली तेवढाच भाग ग्राह्य आहे, ‘याच कोयत्याने मी मारले’ हा भाग नाही. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, घालून दिलेला हा नियम आजही चालतो. जागा सर्वांना जाता-येता येईल अशी उघडी होती का, पंचाने न्यायालयात निवेदनाचे शब्द सांगितले का, वस्तू पंचांसमोर सीलबंद झाली का हे पाहावे. त्यानंतर मुद्देमाल पोलीस ठाण्यात कोणी ठेवला, किती दिवसांनी कोणत्या अंमलदाराने प्रयोगशाळेत नेला आणि सील शाबूत असल्याची नोंद आहे का, हा सारा प्रवास एका रेषेत मांडावा. रक्तगट निष्पन्न झाला नसेल तर रक्ताच्या डागाचे मोल किती उरते हे तेव्हाच कळते.

मृत्यूपूर्व जबाब असेल तर केवळ डॉक्टरांचे प्रमाणपत्र नाही म्हणून तो बाद होत नाही. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या पाच न्यायाधीशांच्या निर्णयाने हा प्रश्न निकाली काढला आहे. खरा शोध घ्यायचा तो जबाब नोंदवणाऱ्याला जखमी व्यक्ती शुद्धीवर असल्याची खात्री कशी पटली याचा, आणि एकाहून अधिक जबाब असतील तर त्यांतील मूळ गोष्टच बदलते का याचा.

मोबाइलचे तपशील किंवा सीसीटीव्ही असेल तर इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे प्रमाणपत्र शोधावे. २०२० साली अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते आवश्यक ठरवले. मात्र प्रमाणपत्र नाही ही हरकत खटल्यात घेतली होती का तेही पाहावे, कारण पुरावा सिद्ध करण्याच्या पद्धतीवरील हरकत पहिल्यांदा अपिलात घेतल्यास अडचण येते.

आरोपीच्या कलम ३१३ खालील जबाबाकडे बहुतेक जण ढुंकूनही पाहत नाहीत. निकालपत्रात वापरलेली प्रत्येक प्रतिकूल बाब आरोपीला प्रश्न म्हणून विचारली होती का, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहावे. विचारलेली नसेल तर ती बाब वगळून उरलेल्या पुराव्यावर दोषसिद्धी टिकते का, असा युक्तिवाद करता येतो. त्यामुळे आरोपीचे नुकसान कसे झाले हेही दाखवावे लागते.

मग पर्यायी मुद्द्याकडे वळावे. एकच वार, अचानक उद्भवलेले भांडण, हाताशी आलेली वस्तू, पूर्वनियोजनाचा अभाव आणि गैरफायदा किंवा क्रूर वागणूक नसणे, या बाबी पुराव्यात असतील तर खुनाच्या व्याख्येतील चौथा अपवाद लागू शकतो आणि दोषसिद्धी सदोष मनुष्यवधाच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४ खाली येऊ शकते. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९५८ च्या निर्णयामुळे वाराची जागा आणि जखमेची खोली निर्णायक ठरते. म्हणून ‘एकच वार होता’ एवढ्यावर न थांबता शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची उलटतपासणी पुन्हा वाचावी.

शेवटी आरोपीचे वय. घटनेच्या दिवशी तो अठरा वर्षांखालील होता असे वाटत असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९ नुसार हा दावा कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरही करता येतो. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायत अथवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसल्यास वैद्यकीय तपासणी असा क्रम कलम ९४ मध्ये आहे. घटनेची तारीख आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवण्याचे हे साधे काम प्रत्येक तरुण आरोपीच्या प्रकरणात केलेच पाहिजे.

खबरदारी: अपिलात नवा पुरावा घेण्याचा अधिकार, म्हणजे कलम ४३२ किंवा जुने कलम ३९१, न्यायालय क्वचित वापरते. खटल्यात न बोलावलेला साक्षीदार आता बोलवा, अशी विनंती करण्यापूर्वी तो तेव्हा का आणला नाही याचे पटणारे उत्तर हवे.

### टप्पा ८: अंतिम सुनावणी

सुनावणीपूर्वी लेखी टिपण द्यावे. पाचसहा पानांत प्रत्येक मुद्द्यापुढे पेपर बुकचे पान आणि परिच्छेद असावा. युक्तिवादाची सुरुवात सर्वांत भक्कम मुद्द्याने करावी. शिक्षेविरुद्धच्या अपिलात न्यायालयाने पुरावा स्वतः तपासून मत बनवायचे असते. सत्र न्यायालयाने पुरावा तपासला आहे एवढ्यावर थांबता येत नाही, हे आवश्यक तेथे नम्रपणे दाखवून द्यावे.

वकील गैरहजर राहिला तर अपील नुसते फेटाळले जात नाही. बनी सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९९६ च्या निर्णयानुसार न्यायालयाने अभिलेख पाहून गुणवत्तेवर निकाल द्यायचा असतो. याचा दिलासा वाटू देऊ नये, कारण आपली बाजू न ऐकता जन्मठेप कायम होण्याचा धोका यातच आहे. जामिनावर असलेल्या अपीलकर्त्याने पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलल्यास तो वकिलाला आणि पोलीस ठाण्याला कळवावा.

अपील प्रलंबित असताना अपीलकर्त्याचे निधन झाले तर तुरुंगवासाच्या शिक्षेविरुद्धचे अपील संपुष्टात येते. मात्र जोडीदार, आईवडील, मुले, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणी ३० दिवसांत परवानगी मागितली तर ते पुढे चालू राहते. मृताच्या नावावरील डाग पुसण्याचा हा मार्ग कुटुंबांना कोणी सांगत नाही, म्हणून तो येथे मुद्दाम नोंदवत आहे.

### टप्पा ९: निकालानंतर

निर्दोष सुटका झाली तर आदेश कारागृहात पोचला का याचा पाठपुरावा करावा आणि वरच्या न्यायालयात हजर राहण्याचा सहा महिन्यांचा मुचलका मागितला गेल्यास तो भरावा. शिक्षा कमी झाली तर भोगलेली कैद नव्या शिक्षेत धरून सुटकेची तारीख कारागृहाकडून लेखी घ्यावी.

दोषसिद्धी कायम राहिली तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेची मुदत साधारणपणे ९० दिवस आहे. जामिनावर असलेल्याला उच्च न्यायालय शरण येण्यासाठी मुदत देते. शरण आल्याचा दाखला किंवा त्यातून सूट मागणारा अर्ज नसेल तर सर्वोच्च न्यायालयात याचिका नोंदवण्यात अडचण येते, त्यामुळे शरण येण्याची तारीख टाळून याचिकेची वाट पाहू नये. वकिलाचा खर्च परवडत नसल्यास सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे कारागृहातूनच अर्ज करावा, आणि त्यासोबत उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत, पेपर बुकचा संच आणि कोठडी दाखला पाठवावा.